किट बदललं तरी चाक जाम? जुन्या गाडीच्या डिस्क ब्रेक कॅलिपरचं काम क्रमाने कसं करावं

जिप्सी असो, कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असो, की वाड्यात जपून ठेवलेली डब्ल्यू १२३ मर्सिडीज, कॅलिपरबद्दलची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाबद्दलची तक्रार सगळीकडे जवळपास सारखीच ऐकू येते. नव्या रबरी सीलचं किट टाकलं, पॅड नवे टाकले, थोडे दिवस बरं चाललं आणि चाक पुन्हा जाम व्हायला लागलं. मग किट डुप्लिकेट होतं असं ठरवून दुसरं किट आणलं जातं. पुष्कळदा किटमध्ये काहीच खोट नसते. त्यातलं सील ज्या खाचेत बसतं ती खाच कुणी नीट साफ केलेली नसते.

हे का घडतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम का असा आहे ते कळेल. ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये रबराचा कप पिस्टनबरोबर पुढे-मागे सरकतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासतो. तिथे भिंत गुळगुळीत असणं महत्त्वाचं. कॅलिपरचं उलटं आहे. चौकोनी छेदाचं सील कॅलिपरच्या आतल्या खाचेत जागच्या जागी बसलेलं असतं आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. पेडल दाबलं की पिस्टन पुढे जातो आणि सीलची कड त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते. पेडल सोडलं की सील पूर्ववत होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. पिस्टन मागे आणायला दुसरी स्प्रिंग तिथे नसते. खाचेत सीलच्या मागे गंज साठला, की सील पिस्टनवर आवळलं जातं, त्याला पिळायला जागा उरत नाही आणि पिस्टन पुढेच अडकून राहतो. नवं सील टाका नाहीतर आणखी महागाचं टाका, खाचेत गंज असेपर्यंत हेच होणार.

खानदेशात याला आणखी एक कारण जोडलं जातं. काळ्या मातीचा चिखल रबरी बूटाभोवती, म्हणजे पिस्टनवरच्या धूळ अडवणाऱ्या आवरणाभोवती बसतो, पावसाळाभर ओल धरून ठेवतो आणि दिवाळीनंतर दगडासारखा वाळतो. वैशाखात ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात तेच बूट तडकतात आणि धूळ थेट पिस्टनपर्यंत पोचते. वर्षातून दोन-चार वेळा, लग्नाला नाहीतर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाहेर निघणाऱ्या गाडीचे कॅलिपर रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर जाम होतात.

खालचा क्रम बिडाच्या म्हणजे कास्ट आयर्नच्या कॅलिपरसाठी आहे. त्यात जिप्सी आणि ८०० सारखा एका पिस्टनचा सरकता कॅलिपर मुख्य धरला आहे. मर्सिडीजसारख्या समोरासमोर दोन पिस्टन असलेल्या फिक्स कॅलिपरला जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ ठेवा. बोल्ट किती टॉर्कला आवळायचे हे त्यातूनच घ्यायचं, अंदाजाने नाही.

## टप्पा १ : दोष कॅलिपरचाच आहे का, ते आधी ठरवा

चाक जाम झालं म्हणजे कॅलिपर खराब, असं धरून चालू नका. ही तपासणी थोड्या वेळात होते आणि पुष्कळ खर्च वाचवते.

पुढची बाजू जॅकने उचला, घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) टेकवा, मागच्या चाकांना उटी म्हणजे अडसर लावा. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवून पाहा. जाम असेल तर त्या चाकाचा ब्लीडर निप्पल, म्हणजे कॅलिपरमधली हवा काढायचा पोकळ स्क्रू, किंचित सैल करा. थोडं ऑइल दाबाने बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलेला होता. ऑइल नुसतं ओघळलं आणि चाक जामच राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिन अडकल्या आहेत. म्हणजे काम कॅलिपरचं.

दाब अडकलेला निघाला तर निप्पल बंद करा, ब्रेक पुन्हा दाबून सोडा. आता रबरी होज जिथे लोखंडी पाइपला जोडला आहे तिथला नट सैल करा. तिथे सैल करून चाक मोकळं झालं तर दोष वर आहे : मास्टर सिलिंडर, किंवा पेडलला फ्री प्ले म्हणजे सुरुवातीची मोकळी चालच नाही. तिथे सैल करूनही मोकळं झालं नाही आणि निप्पल उघडल्यावरच झालं, तर होज आतून फुगून बंद झाला आहे. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. अशा गाडीचे कॅलिपर कितीही वेळा खोला, उपयोग होणार नाही.

तपासा : होज किती जुना आहे हे माहीत नसेल तर या कामाबरोबर दोन्ही बाजूंचे नवे टाकायचेच, असं धरून चला.

## टप्पा २ : कॅलिपर ओळखा, मग पार्ट शोधा

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. काउंटरवर जाऊन "जिप्सीचं किट द्या" एवढं सांगून भागत नाही. एकाच मॉडेलला, कधी एकाच वर्षात, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅलिपर लागलेले असतात. डब्ल्यू १२३ ला एटीईचेही आले आणि बेंडिक्सचेही. दोन्ही गाडीवर बसतात, पण एकाचं सील दुसऱ्याला चालत नाही. शिवाय तीस-चाळीस वर्षांत कुणी ना कुणी मधे काय बसवलं असेल याचा नेम नसतो.

म्हणून आधी चाक काढा, कॅलिपर ब्रशने आणि पाण्याने धुवा आणि बिडावर उठवलेली अक्षरं-आकडे वाचा. खडूने घासलं की उठाव स्पष्ट दिसतो. मोबाइलवर फोटो घ्या : समोरून, मागून, ब्लीडरची जागा, होजची जागा, पॅडचा आकार. दुकानात बोलण्यापेक्षा फोटो दाखवणं केव्हाही चांगलं.

पिस्टनचा व्यास ही खरी खूण. पॅड काढून पिस्टनचं तोंड व्हर्नियरने मोजता येतं, पण अंतिम माप पिस्टन बाहेर आल्यावरच घ्या. आपल्याकडच्या दुकानांत सीलच्या साध्या किटला मायनर आणि पिस्टनसकट येणाऱ्याला मेजर किट म्हणतात. पिस्टन बघितल्याशिवाय मेजर किटवर खर्च करू नका, आणि सील-बूट तर कसंही बदलायचंच असल्याने मायनर किट आधी घेऊन ठेवायला हरकत नाही.

किट घेताना पाकिटावरची तारीख पाहा. दुकानाच्या पत्र्याखालच्या कपाटात अनेक उन्हाळे काढलेलं रबर नवं म्हणून विकलं जातं. सील बोटांत वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या, रबर कडक लागलं किंवा चिकट लागलं तर परत करा. देशी गाड्यांसाठी टीव्हीएस गर्लिंग नावाने येणारा माल ब्रेक्स इंडियाचा. ही कंपनी १९६२ पासून ब्रेकचं काम करते आहे. नावाजलेल्या ब्रँडच्या नकलाही तितक्याच निघतात, त्यामुळे बिल घ्या.

धुळे-जळगावच्या स्पेअरच्या दुकानांत जिप्सी-८०० चा माल बहुतेक वेळा मिळतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यातून जात असल्याने गाड्यांच्या कामाचा राबता तिथे मोठा आहे. तिथे नाही मिळालं तर नाशिक, इंदूर, सुरत इथे फोन करून विचारा. विदेशी जुन्या गाडीचं असेल तर मुंबईचं ऑपेरा हाऊस किंवा दिल्लीचा काश्मिरी गेट. तिथेही जमलं नाही तर कॅलिपर कंपनीचं नाव, पिस्टनचा व्यास आणि गाडीचं वर्ष या तीन गोष्टी देऊन बाहेरून मागवा. मर्सिडीजचं किट परदेशातून मागवणं हे भंगारातल्या दुसऱ्या मॉडेलचं ओढूनताणून बसवण्यापेक्षा नेहमीच बरं.

माझं एक ठाम मत आहे. शक्य असेल तर भंगारातून त्याच मॉडेलची कॅलिपरची एक जुनी जोडी आधी विकत घ्या आणि काम तिच्यावर करा. गाडी घोड्यांवर अडकून पडत नाही, पार्ट यायला महिना लागला तरी घाई होत नाही, आणि चुकलं तर मूळ कॅलिपर शाबूत राहतो. ब्रेकच्या कामात घाई ही फार वाईट गोष्ट आहे.

भंगारातली जोडी निवडताना जाम पिस्टनला घाबरू नका, तो निघतो. पुढच्या गोष्टी मात्र दिसल्या तर हात लावू नका : वेल्डिंग केलेले कान, पुलाला म्हणजे दोन बाजू जोडणाऱ्या भागाला तडा, जळालेल्या गाडीचा माल, तुटून आत राहिलेला ब्लीडर. आणि एक डावा, एक उजवा आहे याची खात्री करा. कॅलिपर गाडीवर बसतो तसा हातात धरा. ब्लीडर वरच्या बाजूला आला पाहिजे.

## टप्पा ३ : कॅलिपर गाडीवर असतानाच करायची कामं

कॅलिपर काढून शिकंजात (बेंच व्हाइसमध्ये) धरला आणि मग ब्लीडर उघडायला गेलात तर तो तुटण्याची शक्यता वाढते. गाडीवर कॅलिपर घट्ट असतो, जोर नीट लागतो. म्हणून या गोष्टी आधी करून घ्या.

ब्लीडरवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री टाका. सकाळी निप्पलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके द्या आणि सहा बाजूंचा बॉक्स पाना लावून फिरवा. साध्या फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. फिरत नसेल तर आधी किंचित घट्ट करून मग सैल करून बघा. दोन्ही बाजूंचे ब्लीडर उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग होजचा बोल्ट नुसता हलवून पुन्हा घट्ट करून ठेवा. लोखंडी पाइपच्या नटाला फ्लेअर नट पानाच लावा.

एका वेळी एकच बाजू खोला. पॅडच्या पट्ट्या, पिन, स्प्रिंगा कशा बसल्या होत्या हे विसरलं तर दुसरी बाजू समोर असते. सील आणि पॅड मात्र दोन्ही बाजूंचे बदलायचे.

सावधान : जुन्या पॅडच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. पाण्याने भिजवून ओल्या चिंधीने पुसा आणि ती चिंधी पिशवीत बांधून टाका.

## टप्पा ४ : पिस्टन बाहेर काढणं

पिस्टन काढायची सर्वात चांगली पद्धत म्हणजे गाडीचंच पेडल. कॅलिपर ब्रॅकेटपासून सोडवा, होज जोडलेलाच राहू द्या. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. पॅड काढा आणि पिस्टनसमोर लाकडाची पट्टी ठेवा. आता मदतनिसाने पेडल हळूहळू दाबायचं. कितीही जाम झालेला पिस्टन ऑइलच्या दाबाने गुपचूप बाहेर सरकतो. पूर्ण बाहेर पडायच्या आत थांबा, होज सोडा आणि पिस्टन हाताने काढा.

या वेळी दुसऱ्या बाजूचा कॅलिपर पॅडसह जागेवर आणि मागचे ड्रम बसवलेले असले पाहिजेत, नाहीतर तिकडचे पिस्टन निघून येतील. मास्टर सिलिंडरच्या डबीत ऑइल कमी होऊ देऊ नका. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेला असतो. पेडल तळाला गेलं की त्याचं सील तिथे फाटतं, आणि कॅलिपरचं काम सुरू असताना मास्टर सिलिंडरचं नवं काम निघतं.

भंगारातून आणलेल्या कॅलिपरला पेडलची सोय नसते. मग होजच्या आट्यात बसणारा ॲडॉप्टर लावून ग्रीसगनने पिस्टन ढकला. वेळ लागतो, नंतर ग्रीस पूर्ण धुवावं लागतं, पण धोका नाही.

कंप्रेसरची हवा मी शेवटचा उपाय मानतो. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर सहज ७ बारच्या आसपास दाब देतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास १९.६ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे त्याच्यामागे सुमारे १४० किलोचा जोर लागतो. जाम पिस्टन एकदम सुटला तर बोटं चेचतो. हवा वापरायचीच असेल तर दाब अगदी कमी करा, समोर जाड लाकूड ठेवा, कॅलिपर पोत्याने झाका आणि बोटं मधे कधीही घालू नका.

फिक्स कॅलिपरमध्ये दोन्ही पिस्टन थोडे-थोडे बाहेर आणायचे. एकाला क्लॅम्पने धरून दुसरा सरकवा, मग अदलाबदल करा. एक पूर्ण निघाला की दुसऱ्यासाठी दाबच उरत नाही. दोन भाग जोडणारे बोल्ट खोलू नका. ते न खोलताही सील बदलता येतं. काही जुन्या एटीई कॅलिपरच्या पिस्टनच्या तोंडाला पायरी असते आणि ती ठरावीक कोनातच बसवायची असते. काढण्याआधी फोटो घ्या.

पिस्टनच्या बाहेरच्या अंगाला पकड, पाइप पाना किंवा चिमटा लावू नका. एक ओरखडा म्हणजे नवा पिस्टन.

## टप्पा ५ : खाच साफ करणं

या लेखातला एकच टप्पा काळजीपूर्वक करायचा असेल तर हा करा.

जुनं सील लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हर नको. आता आत बोट फिरवा. खाचेच्या तळाशी आणि दोन्ही कोपऱ्यांत कडक, खरखरीत थर लागेल. गंज आणि सुकलेल्या ऑइलचा हा थर ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने निघत नाही. बहुतेक गॅरेजमध्ये काम इथेच फसतं. फवारा मारला, आतून चकचकीत दिसलं, सील बसवलं, झालं.

पितळी किंवा तांब्याची जाड तार ठोकून तिचं टोक चपटं करा आणि खाचेच्या रुंदीपेक्षा थोडं अरुंद घासून घ्या. हे हत्यार बिडापेक्षा मऊ असल्याने खाच खरवडली जात नाही. थोडं थोडं करत पूर्ण गोल फिरा. थर फारच कडक असेल तर कॅलिपर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा. किराणा दुकानात मिळणारं तेच लिंबूसत्त्व. सकाळी भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, पुन्हा धुवा आणि लगेच उन्हात वाळवा. ओलं बीड पाहता पाहता पुन्हा गंजतं, म्हणून वाळल्याबरोबर आतून ताज्या ब्रेक ऑइलचा हात द्या. ही पद्धत फक्त बिडासाठी. ॲल्युमिनियमचा कॅलिपर किंवा क्रोम केलेला पिस्टन त्यात टाकू नका.

बूट बसतो ती बाहेरची खाचही तशीच साफ करा. ती अस्वच्छ राहिली तर बूट नीट बसत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात आत पाणी जातं.

मग होजचं आणि ब्लीडरचं भोक साफ करा, हवा मारून रस्ता मोकळा आहे ना बघा. या वेळी सील किंवा कुठलंच रबर जवळ नको. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने नवं रबर पुसायचं तर नाहीच, धातूचा भाग त्याने धुतला असेल तर तोही स्पिरिटने पुन्हा धुवून पूर्ण कोरडा करा. खनिज तेलाचा अंश लागला तरी ब्रेकचं रबर फुगतं.

सावधान : काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो. तो मारलेल्या भागाला वेल्डिंग किंवा ज्योत दाखवली तर विषारी वायू तयार होतो.

तपासा : पांढरी, धागे न सुटणारी चिंधी काडीला गुंडाळून खाचेत पूर्ण एक फेरी मारा. ती तांबूस आली तर काम बाकी आहे.

आता निवाडा. सिलिंडरच्या भिंतीवर हलके डाग असले तर चालतं, कारण सील तिथे घासतच नाही. व्हील सिलिंडरच्या सवयीने कॅलिपरला होनिंग मारून घेणारे, म्हणजे आतली भिंत घासून गुळगुळीत करून घेणारे भेटतात. त्याचा उपयोग काहीच नाही, उलट पिस्टनभोवतीची फट वाढते. पण खाचेच्या तळाला खोल खड्डे असतील, किंवा खाचेची कड तुटली असेल, तर तो कॅलिपर बाजूला ठेवा. तिथून गळती थांबवता येत नाही.

पिस्टन स्वच्छ करून उजेडात फिरवा आणि नख ओढा. नख अडकेल असा खड्डा किंवा सोललेलं क्रोम दिसलं तर तो पिस्टन बाद. "पॉलिश पेपर मारून चालेल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. क्रोम आणखी निघतं, खालचं लोखंड उघडं पडतं आणि काही महिन्यांत तिथेच गंज येतो. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत राहतो, त्यामुळे आज सीलपासून दूर असलेला खड्डा उद्या सीलखाली येतो.

## टप्पा ६ : पिस्टन बनवून घ्यायचा असेल तर

तयार पिस्टन मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तर स्टेनलेस स्टीलचा बनवून घेणं हा चांगला पर्याय आहे, फक्त जागा नीट निवडा. साध्या लेथवर काम होत नाही, गोल ग्राइंडिंगची सोय हवी. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत जेसीबी आणि ट्रॉलीच्या हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड ग्राइंड करणाऱ्यांकडे चौकशी करा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची किंमत त्यांना कळते.

माप मायक्रोमीटरने घ्यायचं. जुना पिस्टन जिथे झिजलेला-गंजलेला नाही अशा, म्हणजे आत खोल राहणाऱ्या भागावर, तीन दिशांनी मोजा. लांबी, आतली पोकळी, बूटाची खाच आणि तिची जागा, आत शिरणाऱ्या कडेची गोलाई, सगळं कागदावर काढून द्या आणि जुना पिस्टनही नमुना म्हणून द्या. कडेची गोलाई विसरली तर धारदार कड बसवतानाच नवं सील कापते.

ॲल्युमिनियमचा पिस्टन बनवू नका. ते तापलं की लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि घाटात ऐन वेळी अडकू शकतं.

तपासा : सील न लावता, स्वच्छ कोरड्या सिलिंडरमध्ये नवा पिस्टन बोटाच्या हलक्या दाबाने शेवटपर्यंत गेला पाहिजे. अडकला तर कामगाराला परत द्या, हातोडी नको.

रंग द्यायचा असेल तर याच वेळी. खाचा, सिलिंडर, आटे, पॅड सरकतात त्या जागा आणि ब्रॅकेटला टेकणारं तोंड कागदी टेपने झाका. त्या तोंडावर पावडर कोटिंगचा जाड थर राहिला तर बोल्ट आवळल्यावरही पुढे सैल पडतात. बोल्टना क्रोम किंवा झिंक प्लेटिंग करून घेऊ नका. हाय टेन्साइल बोल्ट त्याने ठिसूळ होऊ शकतात.

## टप्पा ७ : जोडणी

धूळ नसलेली खोली, धुतलेलं टेबल, धुतलेले हात. उन्हाळ्यात पंखा बंद करून काम करणं जिवावर येतं, म्हणून सकाळी लवकर बसा. दुपारच्या वाऱ्यात अंगणात जोडणी करू नका.

सील नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस अजिबात नाही. सील बोटांनीच खाचेत घाला आणि बोट गोल फिरवून ते कुठे पिळलेलं नाही ना ते चाचपा. चांगल्या साफ केलेल्या खाचेत सील सगळीकडे सारखं, अगदी किंचित वर राहून बसतं. एखाद्या जागी जास्त उचललेलं लागलं तर सील काढा, तिथे अजून गंज आहे.

बूट आधी पिस्टनवर की आधी कॅलिपरवर, हे कॅलिपरप्रमाणे बदलतं. खोलताना घेतलेला फोटो इथे उपयोगी पडतो. पिस्टनला ऑइल लावून सरळ धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. सीलपाशी थोडा विरोध होईल, मग तो गुळगुळीत आत जाईल. एका बाजूला कलला तर बाहेर काढून पुन्हा सुरुवात करा. क्लॅम्प वापरायचाच तर लाकूड मधे ठेवून, हळू.

सरकत्या कॅलिपरच्या गाइड पिनकडे लोक दुर्लक्ष करतात. पिस्टन उत्तम पण पिन जाम, तर एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पिन चकचकीत हव्यात. खड्डे पडलेल्या असतील तर नव्या टाका. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावा आणि पिनवरचे रबरी बूट नवे टाका. दोन पिना वेगळ्या असतील तर वरची वर आणि खालची खाली.

## टप्पा ८ : गाडीवर चढवणं आणि एअर काढणं

ऑइल लागलेले जुने पॅड पुसून किंवा भाजून वापरू नका, ते गेले. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती मोजा, कमी असेल तर डिस्क बदला.

कॅलिपर चढवला की पहिली नजर ब्लीडरवर टाका. तो वर आहे ना? डावा-उजवा बदलला तर कॅलिपर बिनतक्रार बसतो, पण ब्लीडर खाली येतो आणि वरची हवा कधीच निघत नाही. दिवसभर पंप मारून मास्टर सिलिंडर बदलण्यापर्यंत गेलेल्या कित्येक कामांचं मूळ हेच असतं.

होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर टाका. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज कुठे घासत किंवा पिळत नाही ना ते बघा.

ब्रेक ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच, नव्या बंद डब्यातलं. डॉट ३ चा उकळणबिंदू कोरडं असताना किमान २०५ आणि ओल शोषल्यावर १४० अंश सेल्सियस धरतात. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पावसाळ्यात अर्धवट उघडा राहिलेला डबा म्हणजे ओल शोषलेलं ऑइल. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठतो.

एअर काढताना पारदर्शक नळीचं एक टोक ब्लीडरवर आणि दुसरं थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडलवर बसलेल्याशी बोलणं ठरवून घ्या : "दाब", "धरून ठेव", "सोड". निप्पल बंद झाल्याशिवाय "सोड" म्हणायचं नाही. पेडलखालचा लाकडी ठोकळा अजूनही तिथेच असू द्या. डबीतलं ऑइल मधून मधून भरा, ती रिकामी झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते मॅन्युअलमध्ये बघा. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून करतात. ब्लीडर आवळताना जोर लावू नका, तो आतून पोकळ असतो आणि मोडतो.

तपासा : इंजिन सुरू करून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जाता कामा नये. मदतनिसाने प्रत्येक जोड टॉर्चने बघावा. मग रात्रभर कॅलिपरखाली पांढरा कागद ठेवा.

## टप्पा ९ : चाचणी

सावधान : गाडी इंचभर हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. नव्या पॅडनंतर पहिलं पेडल रिकामं जातं.

आधी अंगणात किंवा खळ्यात चालण्याच्या वेगाने थांबवून बघा. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे गाडी नसताना, ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत सावकाश ब्रेक लावा, थोडं चालवून थंड होऊ द्या आणि असं आठ-दहा वेळा करा. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. या काळात करकचून ब्रेक लावून उभं राहू नका, तापलेला पॅड डिस्कवर ठसा सोडतो.

त्यानंतर पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, गाडी आपोआप थांबू द्या आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, रिमजवळच समजतं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. दोन्ही बाजू सारख्या कोमट असल्या पाहिजेत. एक बाजू स्पष्ट गरम असेल तर तो कॅलिपर अजून सोडत नाही. पुन्हा टप्पा १ ची तपासणी करा. दोष कॅलिपरचाच निघाला तर गाइड पिन पाहा, आणि त्या मोकळ्या असतील तर सील काढून खाच पाहा.

हे सगळं ठीक आलं की मग धुळ्याजवळच्या लळिंग घाटाचा उतार. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा घाट त्याच्याही नंतर, तोसुद्धा खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी रोखत. साधारण शंभर किलोमीटर झाले की दोन्ही चाकं काढा. आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजले आहेत का, बूटाखाली ओल नाही ना, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आहेत का, हे बघा आणि डबीतल्या ऑइलची पातळी खुणेशी जुळवून घ्या.